जावई बाटलीचे लाड

नळीमामांना हे नाव कोणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण ठेवणाऱ्याची नजर मोठी होती. समुद्राच्या पाण्यातली खतं मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत मामा सत्तावीस वर्षं एकाच यंत्रासमोर बसत आले होते, आणि ते यंत्र म्हणजे निव्वळ नळ्याच होत्या. शेवयांइतक्या बारीक, लालसर, पिवळट, पांढऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या नळ्या. एका टोकाने समुद्राचं पाणी आत जायचं, वाटेत त्याला चारपाच औषधं भेटायची, आणि दुसऱ्या टोकाला ते गुलाबी किंवा निळं होऊन बाहेर पडायचं. गुलाबी जितका गडद तितकं नायट्रेट जास्त, निळा जितका गडद तितकं फॉस्फेट जास्त. डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्रातल्या झाडोऱ्याला हीच खतं लागतात, त्या झाडोऱ्यावर मासे जगतात आणि माशांवर आपण. म्हणजे सगळ्या जगाचं जेवण मामांच्या नळ्यांतून जात होतं, असं निदान मामांचं मत होतं.

नळ्यांतून पाण्याबरोबर हवेचे बुडबुडेही जायचे, एकसारख्या अंतराने. बुडबुड्यांची चाल बिघडली की मामांना पाठमोरं असतानाही कळायचं. चहाचा कप ओठाला लावलेला असताना ते एकदम थबकायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "तिसरी नळी रुसलीय." आणि तिसरी नळी खरंच रुसलेली असायची. घरी बायकोने तीनदा हाक मारली तरी ऐकू न येणाऱ्या माणसाला हे ऐकू यायचं.

यंत्र खरं बोलतंय की थापा मारतंय, हे ओळखायला एक जुनी युक्ती होती. काही वर्षांपूर्वी खोल समुद्रातल्या पाण्याचा एक मोठा ड्रम आणून, गाळून, त्याच्या शेकडो लहान प्लास्टिक बाटल्या भरल्या होत्या आणि गोठवून ठेवल्या होत्या. सगळ्यांत पाणी एकच, आणि त्यातलं नायट्रेट किती तेही ठाऊक: बरोबर वीस. रोज मोजायच्या बाटल्यांच्या रांगेत यातली एक बसवायची. तिचं उत्तर वीसच्या आसपास आलं की यंत्र शहाण्यासारखं वागतंय. सरळ हिशेब.

या बाटलीला सगळे 'जावई' म्हणत, कारण मामा तिचे लाडच तसे करत. जावई फ्रीझरमधून सगळ्यांच्या आधी निघायचा, त्याला कोमट पाण्यात वेगळी जागा मिळायची. वितळला की मऊ कापडाने पुसला जायचा, वीस वेळा नीट हलवला जायचा, ज्या कपात ओतायचा तो कप तीनदा विसळला जायचा. मग मामा श्वास रोखून पडद्याकडे बघत बसायचे. उत्तर आलं की यंत्रावर चिकटवलेल्या लांबलचक कागदावर एक ठिपका काढायचे. कागदाच्या मध्यावर वीसची काळी रेघ, वर आणि खाली एकेक लाल रेघ. ठिपका लाल रेघांच्या आत पडला म्हणजे पास.

मामांचे ठिपके नुसते आत पडत नसत. ते काळ्या रेघेवर असे बसलेले असत, की जणू तारेवर चिमण्या. सात महिने एकही चिमणी उडाली नव्हती. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी हा कागद दाखवत आणि मग खुर्ची देत.

आता मामांचं गुपित.

पाच महिन्यांपासून मामांचा उजवा खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जाईना. शर्ट घालताना आधी उजवी बाही चढवायची, मग अंगाला झोका देऊन डावी गाठायची, हा व्यायाम रोज सकाळी बंद दाराआड चाले. कचेरीत मात्र कुणाला सुगावा नव्हता. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की मामा म्हणत, "जरा तूच काढ रे, तुझ्या उंचीचा काहीतरी उपयोग होऊ दे."

लपवायचं कारण तळघरात होतं. तिथे भांडार होतं. मामांच्या आधी या यंत्रावर बसणाऱ्या गृहस्थांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांचा छोटा सत्कार करून, गळ्यात हार घालून, त्यांना भांडारात बसवलं होतं. तिथे त्यांनी चार वर्षं रिकाम्या बाटल्यांची झाकणं मोजली. नंतर नंतर ते कुणी भेटलं की आधी झाकणांबद्दल बोलत. मामांना मरणाची भीती नव्हती, त्या झाकणांची होती. निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती आणि तीही त्यांना बुडबुड्यांच्या संगतीतच काढायची होती.

अशात जहाज आलं. चाळीस दिवस समुद्रावर फिरून आलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी तीनशे गोठलेल्या बाटल्या आणून दिल्या. दीडशे ठिकाणचं पाणी, प्रत्येक ठिकाणच्या दोन बाटल्या. एक मोजायला, दुसरी तिची जुळी बहीण, राखीव. बाईंचं नाक उन्हाने सोललेलं होतं आणि जमिनीवरही त्या जरा पाय फाकवून उभ्या राहत होत्या.

"मामा, दोन वादळं काढलीत या बाटल्यांसाठी," त्या म्हणाल्या. "एकदा तर मी फ्रीझरला मिठी मारून झोपले होते."

"आता झोपा गादीवर," मामा म्हणाले आणि हात मिळवायला डावा हात पुढे केला. बाईंना वाटलं, इथली पद्धत असेल.

रोज पंधरा बाटल्या, दहा दिवस, असा बेत ठरला. आता, गोठलेली बाटली वितळली की ती हलवावी लागते, चांगली वीस वेळा. हलवायचं एक यंत्रही होतं, पण ते तीन वर्षांपूर्वी बंद पडलं तेव्हा मामांनीच सांगितलं होतं, "दुरुस्ती कशाला? माझे हात आहेत की." आता पंधरा बाटल्या गुणिले वीस म्हणजे तीनशे हेलकावे, आणि प्रत्येक हेलकाव्याला खांद्यातून एक कळ थेट कानापर्यंत. डाव्या हाताने करून पाहिलं, तर हातात बाटली नाचण्याऐवजी बाटलीभोवती हातच नाचायला लागला. शेवटी मामांनी एक तडजोड केली. जावयाला दातओठ खाऊन वीस, आणि बाकीच्यांना पाच. पाच म्हणजे काही कमी नव्हे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि स्वतःने लगेच मानलं.

त्याच आठवड्यात आकड्यांची खातरजमा करायला नवी तपासनीस बाई रुजू झाली. आवाज इतका हळू की ती बोलायला लागली की माणसं आपोआप पुढे झुकत. मामांच्या कागदापुढे ती बराच वेळ उभी राहिली.

"फारच छान आहे," ती म्हणाली.

मामांना तो 'फारच' टोचला. "मॅडम, छान असलं तर छान म्हणावं. फारच कशाला?"

"नाही, म्हणजे... माझ्या आधीच्या ठिकाणी ठिपके जरा इकडेतिकडे हिंडायचे."

"तिकडे हिंडत असतील. आमच्याकडे वळण आहे."

"तेच बघतेय," तपासनीस बाई हळू आवाजात म्हणाली आणि निघून गेली.

दहा दिवसांनी दीडशे बाटल्या मोजून झाल्या. जावयाचे दहा ठिपके काळ्या रेघेवर शिस्तीत बसले. शुक्रवारी दुपारी साहेबांच्या खोलीत बैठक भरली. सोमवारी सही होऊन आकडे जहाजवाल्या बाईंकडे जाणार होते. मामा नवा शर्ट घालून गेले होते, म्हणजे घरी वीस मिनिटं आधी उठले होते.

तपासनीस बाईने एक पाकीट उघडलं. "त्या दीडशे बाटल्यांत मी सात बाटल्या जास्तीच्या सरकवल्या होत्या," ती म्हणाली. "आपल्याच ड्रमातल्या. फक्त लेबलं जहाजाची लावली होती. मामांना माहीत नव्हतं."



"म्हणजे वेषांतर केलेले जावई?" साहेबांनी विचारलं.

"हो. सगळ्यांचं उत्तर वीस यायला हवं होतं. आलंय ते असं: सतरा, साडेअठरा, सोळा, अठरा, सतरा, एकोणीस, साडेसोळा."

मामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माझ्यावर हेरगिरी? सत्तावीस वर्षांनी? मॅडम, सरळ माझा डबा उघडून बघायचा होतात!"

"मामा, तुमच्यावर नाही, आकड्यांवर."

"आकडे कुणाचे? माझेच ना?" मामा उठून उभे राहिले. मग त्यांना एक मुद्दा सुचला, आणि चांगला मुद्दा सुचला की मामांचा राग एकदम थंड आणि वकिली व्हायचा. "बरं, लेबलं बदलायला बाटल्या फ्रीझरबाहेर काढल्या असतील?"

"काढल्या."

"किती वेळ?"

"दहाएक मिनिटं."

"झालं! अर्धवट वितळल्या, परत गोठल्या. पाणी बिघडलं. आता मला सांगा साहेब, अंगण वाकडं कुणाचं?"

"वितळून बिघडल्या असत्या तर काही वर गेल्या असत्या, काही खाली," तपासनीस बाई म्हणाली. "या सातही खालीच आहेत. एकही वर नाही."

पण तोपर्यंत साहेबांना सुटकेचा वास लागला होता. चूक नव्या बाईची आणि कागद जुनाच सुंदर, यापेक्षा सोयीचं काय असणार? "लेबलांचा प्रकार पुन्हा नको," ते म्हणाले. "तशी एक नोंद करून ठेवू तुमच्या नावाने. सोमवारी सही."

तपासनीस बाईने पाकीट मिटलं. आता तिच्याकडे कुणी पुढे झुकलंही नाही.

मामा जिंकून घरी आले. जिंकलेला माणूस जेवताना जरा जास्त बोलतो, तसे बोलले. बायको एका शाळेची मुख्याध्यापिका होती. समोरच्याचं सगळं ऐकून घेऊन शेवटी एकच प्रश्न विचारायची तिला सवय होती.

"अहो, पण जावई कोणता हे तुम्हाला माहीत असतं?"

"म्हणजे काय! त्याची जागाच वेगळी."

ती हसायला लागली. "आमच्याकडे इन्स्पेक्टर येतो ना, त्या दिवशी मी पहिल्या बाकावर तीन हुशार मुली बसवते. तो त्यांनाच विचारतो, त्या फाडफाड उत्तरं देतात, आणि तो लिहून जातो, शाळा उत्तम. बाकीच्या चाळीस पोरांचं काय, ते मला माहीत आणि देवाला."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच."

मामांनी पाण्याचा पेला उगाचच दोनदा भरला आणि विषय बदलला.

रविवारी सकाळी बायकोला मुलांच्या शर्यतींना जायचं होतं. उन्हात बरं म्हणून तिने आदल्या दिवशी लिंबाच्या सरबताची बाटली गोठवली होती. ती आता ओट्यावर वितळून उभी होती. "जरा हलवून द्या हो," तिने आतून सांगितलं. मामांनी हलवली आणि पेल्यात ओतून दिली.

बायकोने एक घोट घेतला. "हे काय? सरबत मागितलं, पाणी दिलंत?"

"साखर तूच कमी घातली असशील."

"साखर मी घातलीय ती मला माहीत आहे. तुम्ही हलवलंत का?"

"हलवलं की! पाच वेळा."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मामा होते तिथे थांबले. त्यांनी दुसरा पेला घेतला, तळाचं सरबत त्यात ओतलं आणि चाखलं. तळाशी साखरेचा पाक होता. दात आंबले. त्यांनी पहिला पेला चाखला. वर नुसतं पाणी. गोठताना पाणी पाण्याला धरून राहतं आणि बाकी सगळं तळाशी ढकलतं, हे त्यांनी स्वतः किती नवशिक्यांना शिकवलं होतं! आणि त्यांचे सगळे कप कुठून भरले होते? बाटलीच्या वरच्या पाण्यातून. म्हणून सातही खाली. एकही वर नाही.

"काय झालं? चेहरा का असा?" बायकोने विचारलं.

"दीडशे," मामा म्हणाले.

"दीडशे काय?"

"दीडशे पेले पाणी पाजलंय मी त्या बाईला, सरबत म्हणून."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्याकडे. पाच महिने बंद दाराआडचा तो शर्टाचा व्यायाम तिने कधीच ओळखला होता. फक्त ते स्वतः सांगतील म्हणून ती थांबली होती, आणि थांबण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "सांगून टाका," ती म्हणाली. "त्या नव्या मुलीच्या नावावर नोंद गेली तर तुम्हाला तो कागद बघवेल का?"

"आणि मग मला भांडारात बसवलं तर?"

"तर बसा. मी डबा दोन वाजता तिकडे पाठवीन."

बायकोचं सांत्वन हे असं असायचं; ते पचायला थोडा वेळ लागायचा.

सोमवारी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं तेवढ्यात मामा दोन कप घेऊन आत आले. एकात फिकट गुलाबी पाणी, दुसऱ्यात गडद. तपासनीस बाई होती, जहाजवाल्या बाईही येऊन बसल्या होत्या.

"साहेब, थांबा. हे दोन्ही एकाच जावयाचं पाणी," मामा म्हणाले. "न हलवता घेतलंय. हे वरचं, हे तळाचं."

साहेबांनी दोन्ही कपांकडे पाहिलं. "एवढा फरक? पण आपण हलवतो ना?"

"जावयाला हलवतो. बाकीच्यांना मी पाच वेळाच हलवलं. माझा खांदा आखडलाय. हात चालत नाही. पाच महिने झाले, कुणाला बोललो नाही. मॅडमच्या लेबलांचा काही दोष नाही. तो आरोप मी केला, तो मी परत घेतो."

जहाजवाल्या बाईंनी डोळे मिटले. "म्हणजे दीडशेही आकडे गेले?"

"सगळे."

"मामा, मी फ्रीझरला मिठी मारून झोपले होते हो!"

"माहीत आहे," मामा म्हणाले आणि दोन्ही कप त्यांच्या पुढ्यात ठेवले. 

साहेबांनी टोपण पेनाला लावलं. "मामा, मग यंत्रावर आता... म्हणजे तुमच्या तब्येतीच्या दृष्टीने... खाली भांडारात जरा शांत..."

"साहेब," तपासनीस बाई म्हणाली, आणि सगळे झुकले. "खांदा आखडलाय, कान नाही. बुडबुडे ऐकून नळी ओळखणारा दुसरा माणूस माझ्या बघण्यात नाही. आणि स्वतःचा सात महिन्यांचा कागद स्वतःच्या हाताने फाडायला आलेला तर मुळीच नाही. हलवायला काय, कुणीही चालेल. ज्याला वीसपर्यंत मोजता येतं असं कुणीही."

"मी पण?" साहेबांनी गमतीने विचारलं.

"तुम्ही पण," ती गंमत न करता म्हणाली.

राहिला प्रश्न जुळ्या बहिणींचा. राखीव बाटल्या फोडायच्या म्हणजे मागे काहीच उरणार नव्हतं.  "याही फुकट गेल्या तर?" जहाजवाल्या बाईंनी मामांनाच विचारलं.

"तर मी तुमच्याबरोबर जहाजावर येतो. पण मला गाडीतसुद्धा उलट्या होतात, तेव्हा फुकट जाऊ देणार नाही."

बाईंना हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. "काढा बाटल्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेची तालीम झाली. टंकलेखिका, ड्रायव्हर, जहाजवाल्या बाई, स्वतः साहेब, सगळे ओळीने उभे राहून बाटल्या हलवत होते. मामा यंत्राच्या खुर्चीत बसून एक कान बुडबुड्यांकडे आणि दुसरा मोजण्याकडे ठेवून होते. "ड्रायव्हर, चौदानंतर एकदम सोळा? पंधरा कुठे वाटेत उतरवलास?" "बाई, तुम्ही अशी हलवताय की बाटली घाबरलीय, जरा प्रेमाने." आणि कप विसळायचा तर प्रत्येकाचा तीनदा, पुसायची तर प्रत्येक बाटली. ठरल्याप्रमाणे तपासनीस बाईने यातही ड्रमाच्या सात बाटल्या लपवल्या होत्या. कोणत्या, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे मामांना सगळ्यांचेच लाड करावे लागत होते, आणि असा जावयांचा तांडा सांभाळताना त्यांची पार दमछाक होत होती. खांद्यावर गरम पाण्याची पिशवी होती, उघडउघड, सगळ्यांसमोर.

दहाव्या दिवशी पाकीट फुटलं. सगळे गोळा झाले. जहाजवाल्या बाई नखं खात होत्या.

"वीस पूर्णांक दोन," तपासनीस बाई वाचू लागली. "एकोणीस पूर्णांक आठ. वीस पूर्णांक तीन. एकोणीस पूर्णांक सात. वीस. वीस पूर्णांक एक." मामा नव्या कागदावर ठिपके काढत होते. एक वर, एक खाली. चिमण्या पार हिंडत होत्या, पण लाल रेघांच्या आत. "आणि सातवी... एकोणीस पूर्णांक चार."

मामांनी ठिपका काढला. बरोबर खालच्या लाल रेघेवर बसला, एक पाय आत आणि एक बाहेर.

"पास," तपासनीस बाई म्हणाली. "सातही पास."

जहाजवाल्या बाईंनी जो पहिला माणूस सापडला त्याला मिठी मारली. तो ड्रायव्हर होता, तो लाजला. मामा मात्र अजून सातव्या ठिपक्याकडे बघत होते.

"मॅडम, ही काठावरची बाटली कुणी हलवली होती?"

तपासनीस बाईने वही उघडली, बोट ओळीवर ठेवलं आणि वर पाहिलं. साहेब अचानक खिडकीबाहेरचं एक झाड फार लक्ष देऊन पाहू लागले.

"साहेब," मामा खुर्चीतूनच म्हणाले, "या इकडे. रिकामी बाटली घ्या, पाणी भरा. हं. आता वीस. आणि मोठ्याने मोजा, मला ऐकू आलं पाहिजे."